पीएस५चा पंखा घरघर करतोय. घरी बदलता येईल का, की दुकानात द्यावा?

तुम्ही लिहिलंय की पीएस५ (प्लेस्टेशन ५, सोनीचं गेम खेळायचं मशीन) २०२१चा आहे, वॉरंटी कधीच संपली, उभा ठेवला की घरघर येते आणि आडवा केला की बरीच कमी होते. दुकानदार म्हणतो, ‘पंखा आणि पेस्ट दोन्ही बदलावं लागेल.’

पंखा जरूर बदला, आणि शक्यतो घरीच बदला. पेस्टला मात्र स्पष्ट नाही म्हणा. या मशीनमध्ये प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी नेहमीची पांढरी-करडी पेस्ट नसतेच, लिक्विड मेटल म्हणजे द्रवरूप धातू असतो. तो पातळ असतो आणि त्यातून वीज वाहते. हीटसिंक उचलताना एखादा थेंब बोर्डवर गेला तर शॉर्ट होऊन अख्खं मशीन जाऊ शकतं. पंख्याच्या आवाजासाठी तिथवर जायची काहीच गरज नाही, कारण पंखा अगदी बाहेरच्या बाजूला बसवलेला आहे. हीटसिंक आणि पॉवर सप्लाय दोन्ही जागच्या जागी राहतात.

पण आधी आवाज नक्की पंख्याचाच आहे ना, ते बघा. डिस्क काढून ऐका, कारण डिस्क ड्राइव्हही गुरगुरतो. बारीक, किणकिणता आवाज गेममधल्या दृश्यासोबत बदलत असेल तर तो बोर्डवरच्या कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) असतो आणि पंखा बदलून तो जाणार नाही. तुमचा आवाज मशीनच्या स्थितीनुसार बदलतोय, म्हणजे पंख्याचं बेअरिंग (ज्यावर तो फिरतो तो भाग) झिजल्याचा संशय रास्त आहे. तरी पार्ट मागवण्याआधी कव्हर उघडून एकदा बघाच. आतली एखादी वायर किंवा सुटलेला स्टिकर पात्यांना घासत असला तरी हुबेहूब असाच आवाज येतो.

मशीन स्टँडबायला नको, पूर्ण बंद करा. सगळ्या वायरी आणि स्टँड काढा. डिस्क ड्राइव्ह नसलेल्या बाजूचं पांढरं कव्हर मागच्या कोपऱ्याशी जरा वर उचलून सरकवलं की टक्कन सुटतं. त्याला स्क्रू नाहीत, त्यामुळे पेचकस घालून उचकटू नका, कड तुटते. आत लगेच मोठा काळा पंखा दिसेल. १२० मिलिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाड, दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा. स्क्रू चांदणीच्या आकाराचे आणि मध्ये टोक असलेले आहेत. त्यांना मध्ये भोक असलेला टी-८ बिटच (पेचकसाचं टोक) लागतो. साध्या बिटने जोर केलात तर डोकं झिजतं आणि दहा मिनिटांचं काम दिवसभर पुरतं.

स्क्रू काढण्याआधी वायर कुठून कशी नेली आहे त्याचा फोटो काढून ठेवा. कनेक्टर सोडवताना वायर ओढू नका, प्लास्टिकला धरून सरळ वर घ्या.

पंखा हातात आला की बोटाने सावकाश फिरवा. चांगला पंखा मुकाट फिरतो आणि हळूहळू थांबतो. झिजलेला कुठेतरी अडकल्यासारखा थांबतो, किंवा मधला गोल भाग धरून हलवला की बाजूला डुलतो. वर-खाली किंचित हलला तर तो दोष समजू नका, तेवढी फट असतेच. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. आवाज थोडे दिवस दबतो, पण झीज भरून येत नाही आणि तेलावर धूळ मात्र चिकटते.

आता पार्टचं. इथे घाई करू नका. पीएस५मध्ये निडेक, डेल्टा, एनएमबी अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे पंखे निघतात आणि मॉडेलनुसार पात्यांची रचनाही बदलते. म्हणून मशीनच्या मागचा सीएफआयने सुरू होणारा नंबर आणि जुन्या पंख्यावरच्या लेबलचा फोटो, दोन्ही घेऊन जा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली इथे चौकशी करता येईल. त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या मशीनमधला मूळ पंखा मिळाला तर मी नव्या कोऱ्या नकलेपेक्षा तो पसंत करीन. फक्त घेण्याआधी तोही बोटाने फिरवून बघा.

पंखा बाहेर आहे तोवर हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये साठलेला धुळीचा थर मऊ ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढून घ्या. कव्हरखाली धूळ जमायला मुद्दाम ठेवलेली छिद्रं आहेत, तीही साफ करा. पंखा बसवलेला असताना ब्लोअर मारायचा झाला तर पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो नको तितका वेगात फिरतो आणि नवं बेअरिंगही खराब होऊ शकतं.

नवा पंखा बसवताना सगळे स्क्रू आधी सैल लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. वायर फोटोप्रमाणेच खाचेत बसवा. कव्हर लावण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून ऐका. पंख्याजवळ बोट नेऊ नका.

टीव्हीच्या बंद कप्प्यात ठेवत असाल तर बाहेर काढा, भिंतीपासून निदान १० सेंटीमीटर अंतर हवं. आवाज गेला, हवाही नीट बाहेर पडतेय, तरी ‘पीएस५ खूप गरम झाला आहे’ असा संदेश आला, तर मात्र लिक्विड मेटलकडे संशय जातो. तेव्हा कारागिराला आधी विचारा, ‘पीएस५चं लिक्विड मेटल याआधी केलंय का, आणि काढल्यावर त्याजागी काय घालता?’ उत्तर ‘साधी पेस्ट’ असं आलं तर मशीन परत घेऊन या.