नोटरीच्या कागदावर अडकलेला ब्लॉक

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. मानेवाड्याला एक ब्लॉक घेऊन महिना १२,००० रुपये किरायाने दिला. डिपॉझिट ५०,००० रुपये. कोर्टाजवळ ११ महिन्यांचा करार नोटरी करून घेतला होता. तो दिवाळीत संपला. किरायेदार निघत नाही आणि चार महिन्यांपासून किरायाही बंद आहे. "मुलांच्या परीक्षा होऊ द्या" एवढंच म्हणतो. जावई म्हणतात, लाइन कापा, कुलूप बदला. उरलेल्या पैशातून बेशाला आणखी एक ब्लॉक घ्यायचा विचार होता. जूनमध्ये मुलगीही बदली होऊन नागपूरला येते आहे, तिलाही जागा लागेल. काय करावं?

उत्तर: सर, आधी जावईबापूंना आवरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे सबळ कारणाशिवाय वीज-पाणी तोडणं गुन्हा आहे. कुलूप बदललंत तर किरायेदार सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच येत नाही. आज फिर्यादी तुम्ही आहात. एका पान्याने आरोपी व्हाल. मीटर तुमच्या नावावर असेल तर महावितरणचं बिल तूर्त भरा, पावत्या जपा, ती रक्कम नंतर वसुलीत जोडता येते.

आता तुमच्या कागदाकडे येऊ. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे वाक्य कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येतं. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्यात सूट आहे, तिथून ते आलं. महाराष्ट्रात ते चालत नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या आपल्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा दुसरा भाग जास्त महाग पडतो: अटींबाबत किरायेदार जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. नोटरीने फक्त सह्या कोणाच्या ते पाहिलं, बाकी काही नाही.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फक्त वापराची परवानगी देणारा करार) असतं तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला आधी लढण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदत संपल्यावर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई बसते. तुमच्या कागदावर तो अर्ज टाकला तर "मी लायसन्सी नाही, भाडेकरू आहे" हा पहिलाच आक्षेप येईल.

म्हणून माझा सल्ला जरा उलटा वाटेल. त्याला तीन महिने द्या, पण नोंदणीकृत कराराने. त्याला परीक्षांपुरता वेळ हवा आहे ना? थकलेले ४८,००० डिपॉझिटमधून वळते केले असं दोघांच्या सहीने लिहा, उरलेले २,००० त्याच्या हातात ठेवा आणि मे अखेरपर्यंतचा नवा लिव्ह अँड लायसन्स करा. नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशनवर आधार आणि अंगठ्याने हे घरबसल्या होतं. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे ३६,००० वर शंभर रुपयांच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. डिपॉझिट संपलं म्हणून जीव खालीवर होईल, होऊ द्या. त्या बदल्यात १ जूनला कलम २४ तुमच्या हाती येतं: लायसन्सचा लेखी करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि राहिलाच तर महिन्याला २४,००० चा हिशेब सुरू होतो. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात दिली नसेल तर तीही याच वेळी द्या.

तो सही करत नसेल तर मात्र लांबची वाट. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने थकबाकीची नोटीस पाठवा. ती मिळाल्यावर ९० दिवस गेल्याशिवाय थकबाकीसाठी ताब्याचा दावा लावता येत नाही. शिवाय समन्सनंतर ९० दिवसांत त्याने १५ टक्के व्याजासह सगळी रक्कम कोर्टात भरली तर त्या कारणावर ताबा मिळत नाही. म्हणून नुसत्या थकबाकीवर विसंबू नका. मुलगी येणार हे तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रकरणातली सगळ्यात वजनदार गोष्ट तीच. कलम १६ खाली स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वाजवी आणि प्रामाणिक गरजेसाठी ताबा मागता येतो. अडचण कोणाची मोठी, हे कोर्ट तोलून पाहतं. तिच्या बदलीचा आदेश आत्ताच फाईलला लावा. दावा लघुवाद न्यायालयात चालेल. दरम्यान त्याने पैसे खात्यात टाकले तर "किराया मिळाला" असं लिहून देऊ नका. "हक्क राखून, वापराच्या भरपाईपोटी" असं लिहा. नाहीतर तुम्हीच करार पुढे चालू ठेवला असं तो म्हणेल.

जुन्या घरमालकांना १९४९ चा सीपी अँड बेरार (मध्यप्रांत-वऱ्हाड) रेंट कंट्रोल ऑर्डर आठवत असेल. किरायेदाराला नोटीस द्यायलाही रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. त्या मानाने आजचा घरमालक सुखी आहे, कागद नीट असेल तर.

दुसरा ब्लॉक? हा मोकळा होईपर्यंत थांबा असं मी म्हणेन. नागपुरात १२,००० किरायातून मालमत्ता कर, सोसायटीचं मेंटेनन्स आणि मधले रिकामे महिने वजा करून बघा, मग बँकेच्या व्याजाशी ताडा. आयकरात मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या किरायावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढा दिलासा. तरीही घ्यायचाच असेल तर इसार देण्याआधी जमिनीचा एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा, प्रकल्प नवा असेल तर महारेरा क्रमांक आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर आर.एल.ची (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) मूळ प्रत पाहा. "आर.एल. होऊन जाईल" म्हणणाऱ्याला, झाल्यावर या, म्हणून सांगा.