वयाच्या आकड्याला भुलू नकोस

बारा वर्षं पिंपात मुरलेल्या व्हिस्कीची बाटली म्हणजे भारीच, हा समज आधी सोड. तो हिशेब स्कॉटलंडच्या थंडीतला. तिथे पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के माल उडून जातो. गोवा-बेंगळुरूच्या हवेत 10 टक्क्यांच्या आसपास. उष्णतेने व्हिस्की ओकच्या लाकडात झपाझप शिरते आणि व्हॅनिला, मसाला, रंग घेऊन बाहेर येते. म्हणून बेंगळुरूच्या अमृत, गोव्याच्या पॉल जॉन या व्हिस्कींच्या बऱ्याच बाटल्यांवर वय लिहिलेलंच नसतं. इथे बारा वर्षं ठेवली तर तोंडात नुसतं लाकूड, आणि पिंपात तळाशी उरेल तेवढंच.

सुरुवातीला एवढंच कर:

- एक स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, एक गोव्याची, शेजारी शेजारी. आधी फक्त वास घे, घाई नको.
- बर्फ टाळ. मुंबईच्या उकाड्यात हात तिकडेच जातो, कबूल; पण गारठ्याने वास दबतो. दोन-चार थेंब पाणी पुरे.
- बाटली उभी ठेव, खिडकीतल्या उन्हापासून लांब. कपाटात ठेवून ती आणखी मुरत नाही, मुरणं पिंपातच संपलं.

धुराचा वास आला की नवखे हवेला श्रेय देतात. तो पीटचा, म्हणजे धान्य वाळवायला जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा; हवेचा नाही. कास्क स्ट्रेंथच्या, म्हणजे पाणी घालून सौम्य न केलेल्या कडक व्हिस्कीच्या भानगडीत इतक्यात पडू नकोस. आणि दारूचं परमिट काढलंस ना?