मूड बघून सांगणाऱ्यास

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. अहवालातली चूक सापडून चार दिवस झाले आणि साहेबांना अजून पत्ता नाही. ‘त्यांचा मूड बघून सांगेन’ म्हणतोस. अरे, तोवर आकडे पुढच्या बैठकीत जाऊन बसतील.

मीही यातून गेलोय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक काम मुदतीत होणार नाही, हे मला तीन आठवडे आधी कळलं होतं. साहेब विचारायचे, ‘कुठवर आलं?’ मी म्हणायचो, ‘होतंय सर.’ शेवटी ग्राहकानेच त्यांना फोन केला. उशीर त्यांनी पोटात घातला, पण ‘मला हे बाहेरून कळावं?’ हा प्रश्न काही सुटला नाही. पुढचे कित्येक महिने माझा साधा ईमेलसुद्धा ते तपासून मगच जाऊ देत.

आणखी एक गोष्ट. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर, विमानतळाच्या धावपट्टीवर, धुक्यात, दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण एक मला विसरता येत नाही. एक विमान उड्डाणासाठी धावू लागलं होतं. दुसरं अजून धावपट्टीवरच असेल, ही शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरला आली. त्याने विचारलंही. कॅप्टन म्हणजे कंपनीतला मोठा प्रशिक्षक. तो ठामपणे म्हणाला, दुसरं विमान बाजूला झालंय. इंजिनिअर गप्प बसला. पुढे १९७९ मध्ये नासाने कॉकपिटमधल्या अशा चुकांवर कार्यशाळा घेतली आणि हाताखालच्याने वरिष्ठाला स्पष्ट कसं टोकायचं, हा वैमानिकांच्या प्रशिक्षणाचाच भाग होत गेला.

तुझ्या चुकीने कुणाचा जीव जाणार नाही, हे मलाही कळतं. पण तू पाठवलेला मसुदा बघ: ‘सर, त्या आकड्यांवर एकदा नजर टाकायची का?’ ही तीच दबकी शंका. साहेब ‘नको, ठीक आहे’ म्हणाले की तू सुटलास आणि ते अडकले. त्यापेक्षा सरळ म्हण, ‘सर, अहवालात माझ्याकडून चूक झाली आहे. या रकान्यातली बेरीज दोनदा धरली गेली. दुरुस्त प्रत तयार आहे. ज्यांना जुनी गेली त्यांना मी कळवू की तुम्ही कळवाल?’ चारचौघांत नको, दार लावून. माफी एकदाच माग, दहादा मागितलीस तर त्यांना तुझीच समजूत काढत बसावं लागेल.

ओरडतील? कदाचित. त्या दिवसापुरतं ऐकून घे. मात्र खरं सांगितल्याबद्दल दर वेळी अपमानच वाट्याला येत असेल, तर तो दोष तुझ्या बोलण्यात शोधू नकोस. अशा माणसाला सगळं लेखी कळवत जा आणि शांतपणे दुसरी जागा बघायला लाग. तुझे साहेब तसे वाटत नाहीत. गेल्या महिन्यात तुझी बाजू घेऊन वरच्यांशी भांडले होते, असं तूच लिहिलं होतंस.

उद्या सकाळी, मेल उघडायच्या आधी जा. काय म्हणाले ते कळव.

तुझा,
जुना सहकारी