मिशा काढा, लिफ्ट आखा

प्रश्न: आमच्या सोसायटीतली आठ ते अकरा वर्षांची बारा मुलं गणपतीत 'मोठ्यांचं जग' या विषयावर वीस मिनिटांचं नाटक करणार आहेत. मिशा, साड्या, ऑफिसच्या बॅगा, सगळी जमवाजमव झाली. तालमीत पहिली दोन मिनिटं हशा होतो, मग बघणारी मुलं चुळबुळ करू लागतात. कुठे चुकतंय?
– एक पालक, कोपरखैरणे

उत्तर: मिशी लावलेलं पोर बघून हसू येतं, पण एकदाच. शिवाय गोंदाने खाज सुटते, मूल ओठ आवळून बोलतं आणि वाक्यं गिळली जातात. सहावारी साडी नऊ वर्षांच्या मुलीच्या पायात येते, तिचा सगळा जीव निऱ्यांत. हे काढून टाका. प्रत्येकाला एकच वस्तू द्या: चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, डबा.

मोठ्यांचं रूप नको, वागणं घ्या. लिफ्टच बघा. खडूने चार बाय चार फुटांचा चौकोन आखा, आत सहा मुलं, तोंडं प्रेक्षकांकडे, म्हणजे दाराकडे. सगळ्यांची नजर वर, मजल्याच्या आकड्यावर. दर मजल्याला माना किंचित वर. सहाव्या मजल्यावर सगळ्यांत लहान मूल विचारतं, "काका, परवा मीटिंगमध्ये तुम्हीच ओरडत होतात ना?" पुढचे पाच मजले कोणी बोलत नाही. ही शांतता मुलांना पेलत नाही, कोणीतरी फिसकन हसतंच. 'हसू नका' सांगून उपयोग नाही, हाताला काम द्या: एकाने डब्याचं झाकण घट्ट करायचं, एकीने किल्ली शोधायची, अगदी खरोखर. बघणारी मुलं इथे खिळतात, कारण रोज मोठ्यांच्या कोपराएवढ्या उंचीवरून ती हेच बघत असतात.

संहिता आधी लिहू नका. पहिले चार दिवस नुसते प्रसंग द्या, तीन-तीन मिनिटांचे, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" हे मूल टॉवेल गुंडाळून म्हणेल; ते जसंच्या तसं उतरवून घ्या. मोठ्यांनी लिहून दिलेला विनोद मुलं पाठ करतात आणि नेमका चुकीच्या शब्दावर जोर देतात.

सपाट हॉलमध्ये जमिनीवर बसलेलं पात्र मागच्या रांगांना दिसत नाही, म्हणून सगळं उभ्यानेच करा. पंख्यांच्या आवाजात ओरडायला लावलंत तर आवाज चिरकतो. त्यापेक्षा वाक्यं आठ-दहा शब्दांची ठेवा आणि हशा अर्धा ओसरेपर्यंत थांबायला शिकवा.

प्रश्न: असंच नाटक ठाण्यात घाणेकर नाट्यगृहात तिकीट लावून करायचं आहे. काय बदलावं?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर: आधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र घ्या. मग रंगमंचाची रुंदी स्वतः मोजून तालमीच्या जागेत तेवढीच आखा. वर्गात तीन पावलांत आत येणाऱ्या मुलाला तिथे दहा पावलं लागतात, आणि त्या रिकाम्या चालीत प्रयोग ढेपाळतो. खडूऐवजी पांढरी चिकटपट्टी वापरा. विंगेतून बाई वाक्य पुरवणार नाहीत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर सगळ्यांचे डोळे विंगेकडे लागतात.