वाचकांचे प्रश्न : कादंबरी वाचून काय होणार?

प्रश्न : माझ्या वडिलांचा आजार गंभीर आहे. डॉक्टरांनी आम्हाला सगळं सांगितलंय, वडिलांना मात्र घरात सगळे 'साधं इन्फेक्शन आहे, होईल बरं' एवढंच सांगतायत. भाऊ म्हणतो सांगायचं नाही, खचतील. मला हे खोटं झेपत नाहीये म्हणून मी नीतिशास्त्रावर मिळेल ते वाचून काढलं, तर एक म्हणतो खोटं कधीच बोलू नये, दुसरा म्हणतो परिणाम बघा, डोकं अजूनच फिरलं. मैत्रीण म्हणते ते सगळं ठेव बाजूला आणि एखादी चांगली कादंबरी वाच. काल्पनिक माणसांचं वाचून माझ्या घरात काय फरक पडणार?

उत्तर : 'खोटं कधीच नाही' म्हणणारा बहुतेक जर्मन तत्त्वज्ञ कांट भेटलेला दिसतोय तुम्हाला. 1797 साली त्याने एक छोटा निबंध लिहिला. दारात खुनी उभा आहे, तुमचा मित्र आत लपलाय का विचारतोय, काय सांगाल? कांट म्हणतो, खोटं नाही म्हणजे नाही. आणि त्याचं लॉजिक ऐकण्यासारखं आहे हं, समजा तुम्ही 'घरात नाही' म्हणालात आणि तेवढ्यात मित्र खरंच गुपचूप बाहेर सटकलेला असला आणि खुन्याला रस्त्यात सापडला, तर त्याच्या मरणाची जबाबदारी तुमच्या खोट्यावर येते, कारण परिणाम आपल्या हातात नसतात, आपलं बोलणं तेवढं असतं. वाचून राग येतो, मलाही आला होता, पण खोडायला बसलं की कळतं प्रकरण वाटतं तितकं सोपं नाहीये.

आता गंमत बघा, जवळपास हीच केस महाभारतात कर्णपर्वात आहे. अर्जुनाची प्रतिज्ञा असते की 'गांडीव दुसऱ्याला देऊन टाक' असं जो म्हणेल त्याला मारीन, आणि चिडलेला युधिष्ठिर नेमकं तेच बोलून बसतो. अर्जुन तलवार घेऊन मोठ्या भावावर धावतो, शब्द दिलाय ना! तेव्हा कृष्ण त्याला थांबवून कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक म्हणजे कायम खरंच बोलायचं व्रत घेतलेला तपस्वी. दरोडेखोरांना घाबरून काही लोक त्याच्यासमोरून रानात पळतात, मागून दरोडेखोर येऊन विचारतात कुठे गेले, हा सांगतो, ते सगळे मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. म्हणजे कांटचा नियम शंभर टक्के पाळणारा माणूस, आणि गोष्ट त्याला पास करत नाही.

मग काय, चांगल्या कामासाठी खोटं चालतं असं म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण त्याच महाभारतात द्रोणपर्व आहे. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवावं म्हणून युधिष्ठिर 'अश्वत्थामा मेला' म्हणतो आणि हत्तीचं तेवढं हळूच पुटपुटतो, आणि हे बोलायला त्याला भरीस घालणाऱ्यांत कृष्णच पुढे असतो! तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकतो. आणि हिशेब तिथे संपत नाही, अगदी शेवटी स्वर्गारोहणात त्याला थोडा वेळ का होईना नरक बघावा लागतो आणि इंद्र कारण तेच सांगतो, द्रोणांना फसवलंस ते. एकाच ग्रंथात खरं बोलणारा नरकात जातो आणि खोटं बोलणाराही नरक बघून येतो.

नियमांच्या पुस्तकात असं असतं तर आपण लेखकाची चूक काढली असती. गोष्टीत मात्र ते खरं वाटतं, कारण आपल्यालाही माहीत असतं की कधी कधी दुसरा रस्ताच नसतो म्हणून आपण एखादी गोष्ट करतो आणि तरी त्यानंतर रथ पूर्वीसारखा वर चालत नाही. तत्त्वज्ञ विचारतो करणं योग्य की अयोग्य, आणि तो प्रश्न नीट सुटा करून विचारलाच पाहिजे, नाहीतर आपण सोयीचं तेच योग्य म्हणत बसू. पण करून झाल्यावर त्या माणसाचं काय होतं, हे बघायचं तर त्याच्याबरोबर पुढची काही वर्षं राहायला लागतं. ते काम गोष्ट करते.

तुमच्या मैत्रिणीच्या मनात कुठली कादंबरी आहे कोण जाणे, मी टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' सांगेन, 1886 ची, लहानशीच आहे. कारण तुम्ही आणि तुमचा भाऊ दोघंही विचार करताय तो सांगणाऱ्याच्या बाजूने, सांगू की नको सांगू. टॉलस्टॉय तुम्हाला पलंगावर नेऊन झोपवतो. इव्हान इलिच न्यायाधीश आहे, मरतोय, आणि घरातले सगळे तो फक्त आजारी असल्यासारखं वागतायत. दुखण्याइतकंच त्याला हे नाटक छळतं, आणि जास्त म्हणजे त्यालाही त्यात काम करावं लागतं. एकच माणूस नाटक करत नाही, गेरासिम नावाचा नोकर. तो रात्र रात्र मालकाचे पाय खांद्यावर धरून बसतो, त्याने मालकाला बरं वाटतं, आणि सरळ म्हणतो की मरायचं तर आपल्या सगळ्यांनाच आहे, मग एवढं करायला काय झालं.

त्यातच लॉजिकच्या पुस्तकातलं एक वाक्य येतं, कायस माणूस आहे, माणसं मर्त्य असतात, म्हणून कायस मर्त्य आहे. इव्हान इलिचला ते आयुष्यभर पटलेलं असतं, पण कायसच्या बाबतीत! तो स्वतः थोडाच कायस, तो तर लहानपणी पट्ट्यापट्ट्यांच्या चामडी चेंडूचा वास आवडणारा वान्या, म्हणजे घरच्यांचा लाडका इव्हान. तर्क बरोबर असूनही आत उतरत नाही तो असा.

आता माझं मत, मागितलं नाहीत तरी. सांगायचं की नाही यावर तुम्ही भावंडं इतकं भांडताय पण वडिलांनी काय विचारलंय ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. कदाचित त्यांना अंदाज आलेला असेल आणि ते तुम्हाला सांभाळून घेत असतील. स्वतःहून जाऊन रिपोर्ट वाचून दाखवावा असं मी म्हणणार नाही, पण एकदा त्यांच्याजवळ निवांत बसा, त्यांना विचारायला जागा द्या, आणि त्यांनी विचारलंच तर विषय बदलू नका. बाकी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने 1945 च्या लेक्चरमध्ये एक मुद्दा मांडला होता, आईजवळ राहायचं की युद्धात जायचं अशा पेचात सापडलेल्या विद्यार्थ्याबद्दल बोलताना, की सल्ला कोणाला विचारायचा हे माणूस निवडतो तेव्हा कुठला सल्ला मिळणार हे त्याला साधारण माहीत असतंच. तुम्ही भावाऐवजी मला लिहिलंत, यातच काय ते आलं.

प्रश्न : ट्रॉलीचं कोडं वाचलं. सुटलेली ट्रॉली रुळावरच्या पाच जणांवर जातेय, त्यांना वाचवायला ती वळवून दुसऱ्या रुळावरच्या एकाला मारायचं का वगैरे. असं कोणाच्या आयुष्यात घडतं? तत्त्वज्ञांना खरी उदाहरणं मिळत नाहीत का?

उत्तर : मिळतात, पण खऱ्या उदाहरणात इतक्या गोष्टी चिकटलेल्या असतात की नेमकं काय खटकतंय तेच कळत नाही. फिलिपा फुट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईने 1967 मध्ये हे मांडलं ते गर्भपाताच्या प्रश्नावरच्या लेखात, आणि सोबत दुसरी केसही ठेवली होती जी लोक विसरतात : दंगल होऊन पाच जण मरतील म्हणून न्यायाधीशाने एका निरपराध माणसाला फाशी द्यावी का? आकडे तेच, पाच आणि एक. तरी ड्रायव्हरने ट्रॉली वळवलेली चालते आणि न्यायाधीशाचं मात्र अंगावर येतं. का, हा तिचा प्रश्न होता. इंटरनेटवर त्याचा पार जोक झालाय तो भाग वेगळा.

प्रश्न : साहित्य वाचणारी माणसं न वाचणाऱ्यांपेक्षा चांगली असतात का?

उत्तर : नाही. भरपूर वाचलेली आणि मनाने कोती अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. 2013 मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात एक अभ्यास आला होता की थोडंसं साहित्य वाचलं तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखायची टेस्ट लोक जरा बरी देतात, त्याची बातमी सगळीकडे झाली, नंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तर तसं काही निघालं नाही, त्याची बातमी फारशी झाली नाही.

पण आयरिस मर्डोकचं एक उदाहरण मला कधी सोडत नाही, कादंबरीकार आणि तत्त्वज्ञ दोन्ही असलेली बाई. 1970 च्या तिच्या पुस्तकात एक सासू आहे, तिला सून जराशी गावंढळ, पोरकट वाटते. वागायला सासू एकदम व्यवस्थित, कोणाला पत्ता लागू देत नाही. मग एक दिवस ती स्वतःलाच म्हणते की मी जुन्या वळणाची असेन, मला कदाचित हेवाही वाटत असेल, परत बघू. आणि हळूहळू तिला तीच मुलगी गावंढळ नाही तर साधी, पोरकट नाही तर टवटवीत दिसायला लागते. मर्डोक मुद्दाम असं धरते की सून तोवर परदेशी गेलीये किंवा वारलीये, म्हणजे वागण्यात दिसण्यासारखा काडीचा फरक नाही, कोणाचा फायदा नाही. तरीही सासूने काहीतरी केलंय, असं तिचं म्हणणं. वाचणारा माणूस चांगला होतो की नाही मला माहीत नाही, पण 'परत बघू' याची सवय कादंबरीने लागू शकते असं मला वाटतं. ज्यांना हे पटत नाही, विशेषतः सुनांना, त्यांनी जरूर लिहा, पुढच्या अंकात भांडू.