नाईफमधला के गेला कुठं?

प्रश्न: सर, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहून राहिली. माझी पोरगी सहावीत आहे, सेमी इंग्लिशला. परवाच्या डिक्टेशनमध्ये तिला १० पैकी ४ मिळाले. नाईफ तिनं एन-आय-एफ-ई असं लिहिलं, गुडघा म्हणजे नी ते एन-ई-ई, अन् नॉट, गाठ, ते एन-ओ-टी. सगळ्यांवर लाल काट. आता मले रोज विचारते, आई के बोलाचाच नाही तर लिहाचा काहून? मी दहावीपर्यंत शिकलेली, मला काही उत्तर देता आलं नाही. असे आणखी कोणते शब्द आहेत, त्यांचे अर्थ काय ते सांगाल का?

उत्तर: ताई, पहिले तर पोरीला जवळ घेऊन सांगा की तुझे कान एकदम बरोबर आहेत, तू जे ऐकलं तेच लिहिलं. मी ३२ वर्षं इंग्रजी शिकवलं, अन् हा प्रश्न विचारणारं पोरगं मला नेहमी हुशारच निघालं.

तर तो के कुठं गेला. तो पूर्वी खरंच बोलला जायचा! इंग्लंडमधले जुने लोक क्नाईफ, क्नी, क्नॉट असे जवळपास म्हणायचे, अगदी जुन्या काळी तर केच्या जागी सी लिहायचे, पण आवाज कचाच. मग १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, पुस्तकं छापून निघू लागली आणि हळूहळू स्पेलिंग कागदावर पक्कं होत गेलं, पण तोंड काही कागदाचं ऐकत नाही ना, १७ व्या शतकात लोकांच्या बोलण्यातून तो क गळत गेला अन् कागदावर तसाच राहिला. जर्मन लोक आजही गुडघ्याला क्नी म्हणतात, क स्पष्ट ऐकू येतो, कारण दोन्ही भाषा एकाच घरच्या.

हे पोरीला समजवायला लांब जायची गरज नाही. आपण वहीत डोळा लिहितो अन् घरात म्हणतो डोया. केळं लिहितो, म्हणतो केयं. लिहिलेला ळ पुस्तकात आहे, आपल्या वऱ्हाडी तोंडात त्याचा य झाला. तसंच आहे ते.

आता शब्द. एक एक पाठ करायला लावू नका, घरातच दाखवा. भाजी चिरायचा चाकू नाईफ. कणीक मळता ते नीड, स्पेलिंग के-एन-ई-ए-डी, पाहिजे या अर्थाचा नीड वेगळा, त्यात के नाही अन् ई दोनदा येतो. कापसाच्या गाठोड्याला मारता ती गाठ नॉट. दार ठोकणं नॉक, दाराची गोल मूठ नॉब, सुयांवर स्वेटर विणणं निट. देवापुढं गुडघे टेकून बसणं नील. अन् मूठ आवळली की जी हाडं वर येतात, ज्यांच्यावर पोरं ३० अन् ३१ दिवसांचे महिने मोजतात, ते नकल. पोरीला मूठ आवळून महिने मोजायला लावा, शब्द विसरणार नाही. एखाद्या कामाची हातोटी असते ना, तिला नॅक म्हणतात.

के नाही लिहिला तर काय बिघडतं, असं ती विचारेलच. तर तिच्याच वहीत बघा, नॉटमधला के काढला तर गाठ सुटून नुसतं नाही उरलं. माहीत असणं म्हणजे नो, त्यातला के काढा, नाऊ होतो, म्हणजे आत्ता. माहीत होतं म्हणजे न्यू, के काढला की नवीन. अन् सरदाराला म्हणतात नाईट, के काढला की रात्र. हा नाईट शब्द मला फार आवडतो, मुळात त्याचा अर्थ होता पोरगा, नोकर, गडी, अन् वाढत वाढत घोड्यावरचा सरदार झाला. बुद्धिबळातला घोडा तोच. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून माझ्याकडं येणारी पोरं चाली लिहून ठेवतात, त्यात घोड्यासाठी एन लिहितात कारण के राजानं घेतलेला असतो, म्हणजे तिथंही केची गोष्ट निघतेच.

आणखी एक गोष्ट, ही मी प्रत्येक वर्गाला सांगायचो. नो म्हणजे जाणणं आणि आपल्या संस्कृतातला ज्ञा, ज्याच्यातून ज्ञान आलं अन् आपलं जाणणंही आलं, हे दोन्ही शब्द एकाच खूप जुन्या मुळाचे. गुडघ्याचंही तसंच, संस्कृतात गुडघा म्हणजे जानु, म्हणून तर गुडघ्यापर्यंत हात पोचणाऱ्याला आजानुबाहू म्हणतात, तो जानु अन् इंग्रजीतला नी चुलतभाऊ आहेत. अन् ज्ञ तरी आपण कुठं लिहिल्यासारखा बोलतो, ज ला ञ जोडलेला आहे, मराठीत म्हणतो द्न्य, हिंदीवाले म्हणतात ग्य.

जी-एनचंही हेच, नॉ म्हणजे कुरतडणं, उंदीर पोतं कुरतडतो तसं, अन् नॅट म्हणजे चिलट. दोन्हीत जी मुका.

प्रश्न: पीक कर्जाचे कागद वाचताना डेट शब्द लागला, कर्ज या अर्थाचा. त्यात बी आहे, तोही पूर्वी बोलायचे का? (वाशिम जिल्ह्यातून एक बीएचा विद्यार्थी)

उत्तर: नाही बाबा, हा बी वेगळ्या वाटेनं आला. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढं विद्वान लोकांना वाटलं की लॅटिनमध्ये मूळ शब्द डेबिटुम आहे तर ती खूण दिसली पाहिजे, म्हणून त्यांनी बी घातला, इंग्रजी बोलण्यात तो कधी आलाच नाही. शंका म्हणजे डाऊट, त्यातला बीही असाच घातलेला. पण तुला एक सोपं पडेल, बँकेच्या पासबुकावर डेबिट छापलेलं असतं, ते त्याच लॅटिन शब्दातून आलं अन् त्यात बी मोठ्यानं बोलतात. डेट लिहिताना डेबिट आठव, बी सुटणार नाही.