वर्दीनंतर वर्ग

प्रश्न : देवळालीला तोफखान्यात हवालदार आहे, पुढच्या वर्षी निवृत्ती. शिक्षण बारावी. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या पदवी-समकक्ष प्रमाणपत्रावर बी.एड.ला प्रवेश मिळेल का? सहावी ते आठवीला शिकवायचे आहे. – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही, आणि इथेच अनेकांची वर्षे वाया जातात. ते प्रमाणपत्र 'क' गटातल्या काही नोकऱ्यांपुरते असते. बी.एड.ला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, खुल्या प्रवर्गाला किमान 50 टक्क्यांची. म्हणून निवृत्तीची वाट न पाहता नाशिकजवळ गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घाला. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. बी.एड. मात्र नियमितच करा. दूरस्थ बी.एड. प्राथमिकचे प्रशिक्षण झालेल्या, सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन प्रवेश, दोन वर्षे, त्यात शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी. पूर्णवेळ नोकरी सांभाळून हे जमत नाही. पेन्शनचा हिशेब त्याप्रमाणे मांडा.

पुढे टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) सहावी ते आठवीसाठीचा दुसरा पेपर : खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 गुण. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळा हवी असेल तर शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे भरतीचे सरकारी संकेतस्थळ. माजी सैनिकांच्या आरक्षणासाठी डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आधीच करून ठेवा.

पाचवीपर्यंत शिकवायची तयारी असेल, तर बारावीनंतर डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) दोनच वर्षांचे आहे. तुमच्या स्थितीत आम्ही तेच आधी सुचवू.